नौसैनिकांसाठी गाठींच्या जपमाळा: माझा अनुभव

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचला राहायला आलं की दोन गोष्टी लवकर अंगवळणी पडतात. शेजारीपाजारी कुणी ना कुणी नौदलात असतंच. आणि ओशियानाच्या तळावरून लढाऊ विमानं उडाली की बोलणं अर्ध्यावर सोडून गप्प बसावं लागतं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन चालू असलं तर फादरही थांबतात, आवाज ओसरला की पुढचं वाक्य उचलतात. नॉरफोकचा नौदल तळ, जगातला सर्वांत मोठा, शेजारीच आहे.

आम्ही मूळचे वसईचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो आणि घराजवळची पॅरिश, म्हणजे स्थानिक चर्च, धरली. तिथे निम्मी माणसं फिलिपिनो वाटावीत इतकी त्यांची गर्दी. अमेरिकेचं नौदल १९९२ पर्यंत थेट फिलिपिन्समधून भरती करत असे, त्यातली कितीतरी कुटुंबं पुढे याच किनाऱ्यावर स्थायिक झाली. त्यांच्या बायकांनीच आमच्या पॅरिशमधला जपमाळा करणारा गट उभा केला. पॅरिशच्या पत्रकात दोन ओळी होत्या: सैनिकांसाठी रोझरी (जपमाळा) करायला हात हवेत, सकाळच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये या. मला वाटलं, चला, चार बायका बसून मणी ओवत असतील, मधून मधून गाणी. गेले.

हॉलमध्ये मणी नव्हतेच. टेबलावर नायलॉनच्या दोरीची रिळं, कात्र्या, सिगारेटचे लायटर, फुटपट्ट्या आणि प्लास्टिकच्या काळ्या क्रुसांचा डबा. गटाची सूत्रं जिच्या हातात, तिला सगळे ‘तीता’ म्हणतात. त्यांच्याकडे मावशी-आत्याला म्हणतात तसं. तीता स्वतः नौदलातून निवृत्त झालेली, विमानवाहू जहाजावर नोकरी केलेली. मी मण्यांचं विचारलं तेव्हा तिने मला बसवलं आणि ‘फॉड’ म्हणजे काय ते सांगितलं. विमानवाहू जहाजाच्या डेकवर सुटा पडलेला स्क्रू, खडा, पेनाचं टोपण, काहीही जेट इंजिनात ओढलं गेलं तर इंजिनाची वाट लागते. म्हणून जहाजावरची माणसं ओळीने, खांद्याला खांदा लावून, खाली बघत सगळा डेक चालतात आणि सापडेल तो कचरा उचलतात. हे रोजचं काम. अशा ठिकाणी धागा तुटून एकोणसाठ मणी घरंगळणारी माळ खिशात ठेवायला कोण देईल? मग मणीच नको. गाठी सुटत नाहीत, वाजत नाहीत, चमकत नाहीत, खिशात चुरगळून ठेवल्या तरी बिघडत नाहीत.

मला तेव्हाच हे काम आवडलं. देवाधर्माच्या वस्तूंना आपण सहसा सजवतो. इथे सगळी अक्कल उलट दिशेने लावायची होती: वस्तू जितकी कमी जाणवेल तितकी बरी. रंग तीनच, काळा, ऑलिव्ह हिरवा आणि मातकट खाकी. मी एकदा निळ्या दोरीचं सुचवून पाहिलं, मरियामातेचा रंग म्हणून. तीता म्हणाली, निळा तुझ्या घरच्या अल्तारासाठी ठेव.

आता गाठ कशी मारायची ते सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. दोरी छत्तीस नंबरची, वळलेली, हाताला जरा राठ. एका माळेला वीसेक फूट लागते, हात सैल असेल तर जास्त. डाव्या हाताच्या तर्जनीभोवती दोरीचे तीन वेढे घ्यायचे, नखाच्या बाजूने सुरू करून आत येत. मग मोकळं टोक त्या तिन्ही वेढ्यांच्या खालून, बोटाला लागून, बाहेर काढायचं. वेढे बोटावरून हलकेच उतरवायचे आणि टोक ओढायला लागायचं. नुसतं ओढलं तर वेढे एकमेकांवर चढतात आणि गाठीचा बोळा होतो. ओढता ओढता अंगठ्याने वेढे पिळत न्यायचे, म्हणजे ते शेजारी शेजारी बसतात आणि गाठीला छोट्या पिंपाचा आकार येतो. ती आधीच्या गाठीला जवळजवळ चिकटून बसली पाहिजे, आणि हेच सर्वांत अवघड. गाठ आवळत आली की तिला सुईने किंवा नखाने ढकलत मागे न्यावं लागतं. एकदा पक्की आवळली की ती हलत नाही. सोडवायला गेलात तर दोरी फुलते आणि तेवढा तुकडा वाया जातो.

तीन वेढ्यांची गाठ म्हणजे एक ‘नमो मरिये’ ही प्रार्थना. चार वेढ्यांची, थोडी लांबट, म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर दोरी मोकळी सोडायची, कारण माळ बहुतेक वेळा अंधारात, बघता न येता जपली जाणार आहे, आणि एक दशक, म्हणजे दहा गाठींचा संच, संपलं हे बोटांना कळायला हवं. दहा गाठी, मोकळी जागा, एक लांबट गाठ, मोकळी जागा, पुन्हा दहा. पाच दशकं झाली की दोन्ही टोकं एकत्र बांधायची आणि तिथून खाली शेपूट: एक लांबट, तीन छोट्या, एक लांबट, मग क्रूस. छोट्या गाठी त्रेपन्न, लांबट सहा. टोक कापून लायटरने वितळवायचं आणि गरम असतानाच पट्टीच्या कडेने चपटं करायचं. नायलॉन जळल्याचा तो वास हॉलच्या पडद्यांना कायमचा लागलाय.

माळ झाली की तीताकडे. ती मोजते, पण डोळ्यांनी नाही. डोळे दुसरीकडे, तोंडाने कुणाशी तरी गप्पा, आणि बोटं माळेवरून सरकत असतात. अकरा गाठींचं दशक तिच्या अंगठ्याला लगेच सापडतं. मग क्रूस एका हातात आणि माळ दुसऱ्या हातात धरून जोरात हिसका. सुटली तर टोपलीत. टोपलीतल्या माळा लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात, वाया जात नाहीत, पण जहाजावरही जात नाहीत. नव्या माणसाच्या बऱ्याच माळा आधी मुलांनाच मिळतात.

लोकांना वाटतं, आम्ही एकेका गाठीला एकेक नमो मरिये म्हणत असू. काही जणी म्हणतात, आणि त्यांच्या माळा चुकत नाहीत, हे मी पाहिलंय. मला ते जमत नाही. प्रार्थनेत लक्ष गेलं की गाठींची मोजणी जाते, आणि मोजणी धरली की प्रार्थना नुसती ओठांवर राहते. म्हणून मी काम करताना फक्त काम करते. शेवटी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणतो तेव्हा हात मोकळे असतात. फिलिपिनो बायका ती इतक्या वेगात म्हणतात की वसईला संध्याकाळी घरोघरी चालणारी आमची रोझरी त्यापुढे बैलगाडी वाटावी.

सैनिकांच्या जपमाळेची गोष्ट या देशात जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांकडे धातूच्या बारीक गोळ्यांच्या साखळीच्या माळा असत, जुन्या दिव्याचं बटण ओढायला लोंबती साखळी असे ना, तशाच साखळीच्या. मजबूत म्हणून ती साखळी वापरली जाई. हौशी गटांना आज सामान मिळतं ते बरंचसं केंटकीतल्या लुईव्हिलहून. ब्रदर सिल्व्हन मॅटिंगली यांनी १९४९ मध्ये तिथे ‘अवर लेडीज रोझरी मेकर्स’ ही संस्था सुरू केली. दोरी, मणी, क्रूस स्वस्तात पुरवायचे आणि तयार माळा फुकट वाटल्या जाव्यात, असा तिचा साधा व्यवहार. आमची रिळं तिथूनच येतात. पैसे पॅरिशमधल्या नाश्त्याच्या विक्रीतून. (तीताच्या लुंपियाला, म्हणजे तळलेल्या फिलिपिनो रोलना, रांग लागते. सैन्य पोटावर चालतं म्हणतात, तर आमचा गटही पोटावरच चालतो.)

माळा करणं सोपं म्हणावं असा भाग त्यानंतर येतो: त्या पाठवणं. पूर्वी कुणीही ‘कोणत्याही सैनिकाला’ असा पत्ता घालून खोकं पाठवू शकत असे. २००१ च्या शरद ऋतूत इथे पत्रांतून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली गेली, त्यानंतर ते बंद झालं. आता खोक्यावर नाव लागतंच. सैनिकांची नावं आम्हाला कोण देणार, आणि का द्यावीत? म्हणून आमची खोकी चॅपलनच्या नावाने जातात, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूंच्या. पण कॅथलिक धर्मगुरू सैन्यात फार थोडे. पुष्कळ जहाजांवर सगळ्या धर्मपंथांच्या माणसांचं एकाच चॅपलनने पाहायचं, तो बाप्टिस्टही असू शकतो. म्हणून आधी विचारायचं: माळा हव्यात का, किती हव्यात, कोणत्या रंगाच्या. न विचारता पाठवलेलं खोकं म्हणजे जहाजावरच्या कुणाच्या तरी अरुंद कपाटातली जागा खाल्ली. चॅपलन त्या माळा टेबलावर ठेवतो, ज्याला हवी तो उचलतो. हातात कोंबायची नाही. हा नियम आहे, आणि मला तो पटतो.

पत्ता लिहायची तऱ्हाही वेगळी. नाव, तुकडी किंवा जहाज, मग ‘एफपीओ’ (नौदलाच्या टपालाची खूण) आणि युरोप, पॅसिफिक वगैरेची दोन अक्षरं, मग पिनकोड. देशाचं किंवा शहराचं नाव चुकूनही लिहायचं नाही, नाहीतर खोकं लष्करी टपालातून निघून त्या देशाच्या टपालात जाऊन पडतं. टपालखर्च मात्र देशांतर्गत दराने, हे फार बरं. कस्टमचा फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘धार्मिक वस्तू’ असं मोघम लिहून भागत नाही. ‘नायलॉन दोरीच्या गाठींच्या जपमाळा’, नग किती, किंमत किती, सगळं. फुकट वाटायच्या वस्तूची किंमत शून्य लिहिली तर काउंटरवरची बाई मान हलवते, म्हणून आम्ही दोरी आणि क्रुसाचा खर्च लावतो. त्यातही आखातातल्या काही पत्त्यांना इस्लामला विरोधी ठरेल असं धार्मिक साहित्य घाऊक पाठवायला टपालखात्याची मनाई आहे, स्वतःच्या वापरापुरतं चालतं. तीताकडे कुठल्या पिनकोडला कोणतं बंधन याचा तक्ता आहे आणि तो सारखा बदलतो. अशा ठिकाणी आम्ही खोकी पाठवतच नाही. जहाज नॉरफोकहून सुटायच्या आधीच माळा चॅपलनच्या हाती द्यायच्या, म्हणजे पोस्टाचा प्रश्नच उरत नाही. बंदराशेजारी राहण्याचा हा फायदा.

खोकी बंद व्हायच्या आधी फादर मिस्सेनंतर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. हॉलच्या भिंतीवर फादर व्हिन्सेंट कापोडॅनो यांचा फोटो आहे. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडचे, नौदलाचे चॅपलन. व्हिएतनाममध्ये मरीन सैनिकांबरोबर होते आणि ४ सप्टेंबर १९६७ ला जखमींपाशी जाताना मारले गेले. मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळाला, पुढे एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं. त्यांना संत घोषित करण्याची प्रक्रिया चालू आहे. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, हे तीता प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगते.

ती ते का सांगते, हे मला हळूहळू कळलं. आमच्यात एक बाई होती, ती वर्षभर येऊन मग यायची थांबली. तिचं म्हणणं, ही जहाजं जिथे जातात तिथे काय करतात हे ठाऊक असताना मी माळा कशी बांधू? मला तिचं म्हणणं खोडता आलं नाही, अजूनही येत नाही. माळेच्या मातेचा सण ७ ऑक्टोबरला असतो, तोच मुळी १५७१ च्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत ख्रिस्ती आरमाराने तुर्कांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. म्हणजे माळेचं आणि लढाईचं नातं आम्ही जोडलेलं नाही. आमच्या वसईच्या चर्चच्या घंटाही मराठ्यांच्या १७३९ च्या विजयानंतर महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: ही माळ जहाजासाठी नाही. खालच्या डेकवर, तीन मजली बंकमधल्या कुणा एकोणीस वर्षांच्या पोराला झोप येत नसेल, त्याच्यासाठी आहे. त्या पोराने काय मागावं हे मी ठरवत नाही. ती बाई मात्र परत आली नाही. सुपरमार्केटात भेटते, आम्ही छान बोलतो, हा विषय टाळतो.

वसईला आईला व्हिडिओवर पहिली चांगली जमलेली माळ दाखवली. तिने चष्मा चढवून पाहिली. “अगं, ही कसली माळ, नुसती सुतळी! बाळंतिणीच्या हाताला बांधतात तशी.” मी सगळं समजावलं, फॉड, डेक, इंजिन. तिला ते पटलं, पण लगेच दुसरं काढलं. “मग आपल्या पोरांना का नाही देत? आपल्याकडेही फौजेत पोरं आहेत की. त्यांच्याही खिशात वाजायला नको ना?”

तेव्हापासून हे डोक्यात आहे. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्री म्हणूनही धर्मशिक्षक नेमले जातात, हे ठाऊक आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, परवानगी कुणाची, रंग कोणता चालेल, हे तिथल्याच माणसाने सांगायला हवं. आईने तिच्या पॅरिशमधल्या चौघींना जमवलंय. छत्तीस नंबरची दोरी तिकडे मिळत नाही म्हणून त्यांनी जाळी विणायची नायलॉनची दोरी घेतली, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून. ती जरा बारीक आहे, त्यामुळे तीनऐवजी चार वेढे घ्यावे लागतात आणि लांबट गाठीला पाच. वाचणाऱ्यांपैकी कुणी फौजेत असेल, किंवा कुणाच्या घरचं असेल, तर एवढं सांगा: तिकडे ऑलिव्ह हिरवा चालेल की काळाच बरा?