कागदाला गोडेतेल

आज दिवसभर पाऊस, रंकाळ्यावर जायचं कॅन्सल, मग बसलो मॉडेल विमान बनवायला घेऊन. जुन्या एरोमॉडेलर मासिकातला पायपर कब ह्या छोट्या विमानाचा प्लॅन (हे मासिक १९३५ पासूनचं, इंग्लंडचं) काल झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट मारायला नेला तर तो म्हणतोय, "काका, बंगला बांधताय व्हय?" म्हटलं व्हय बाबा, पंखवाला. प्रिंट हातात आल्यावर पहिलं पट्टीनं मोजायचं, स्कॅनमध्ये कागद ताणला की सगळंच बिघडतं. खऱ्या कबचे पंख ३५ फूट ३ इंच, आपले १३ इंच, म्हणजे साधारण ३२ पट लहान, त्यामुळं एक मिलिमीटर पण लय होतो इथं.

आता मजा बघा, जुन्या लोकांनी जागा वाचवायला बऱ्याचदा एकाच बाजूचा पंख छापलाय, दुसरा कसा करायचा तर कागदाला तेल चोळायचं, रेघा पलीकडनं दिसतात, उलटा करायचा आणि त्यावरच बाल्सा (लय हलकं लाकूड) टाचण्यांनी बसवायचा. मी गोडेतेल घेतलं तर आई म्हणाली, "आता कागदाची भजी तळणार हायस काय?" 😄

रिब्ज, म्हणजे पंखाच्या फासळ्या, बसल्या, एकदम सरळ. टिश्यू, म्हणजे सांगाड्यावर चढवायचा पातळ कागद, मात्र आत्ता लावणार नाही, असल्या दमट हवेत त्यावर डोप (कागद ताणून घट्ट करणारं लॅकर) मारला की पांढरा पडतो, दिवाळीपर्यंत सांगाडाच कपाटावर राहू दे, काय घाई नाही.

आणि हो, कुणाकडं असले जुने अंक पडले असतील तर रद्दीत घालू नका रे भावांनो, मेसेज टाका, मी येऊन घेऊन जातो.