एल्डरची दोन झुडपं आणि वाटेकरी पाखरं

खरं सांगायचं तर मी एल्डर (सायीच्या रंगाच्या फुलांच्या छत्र्या आणि काळी फळं येणारं एक मोठं झुडूप) लावलं ते निव्वळ लोभापायी. त्याच्या फुलांचं सरबत एकदा कुणाकडे तरी प्यायले होते आणि तेव्हापासून डोक्यात बसलं होतं की हे झाड आपल्या बागेत पाहिजे म्हणजे पाहिजे, फुलं पण आपली आणि नंतर येणारी काळी फळं पण आपली. पक्षी, किडे, निसर्ग वगैरे तेव्हा माझ्या हिशोबात अजिबात नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू. आता बरीच वर्षं झाली झाडांना, आणि परिस्थिती अशी आहे की सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घेतलं की आधी बघावं लागतं, ही फांदी कोणाच्या मालकीची आहे.

सुरुवात फुकटात झाली. ओळखीतल्या एकांनी पानगळ झाल्यावर छाटणी केली होती, त्यातल्या सहा काड्या मी पिशवीत घालून आणल्या. गेल्या मोसमात वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, साधारण २० ते २५ सेंमी, निदान दोन पेरं पाहिजेत, खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा तिरका, म्हणजे वर-खाली कळतं. दोन तृतीयांश काडी जमिनीत खोचायची आणि विसरून जायचं. मी तिरक्या कापाचं सगळं व्यवस्थित करूनही एक उलटी खोचलीच. ती गेली, एक अशीच गेली, चार जगल्या. एल्डर लागायला फार सोपं आहे हो, नाव जरी वडीलधारं असलं तरी वागणं शेंडेफळाचं, जिथे टाकाल तिथे हातपाय पसरून बसतं.

काडी कापली की आत पांढरं भेंड दिसतं, हलकं, थर्माकोलसारखं. शाळेत विद्युतदर्शी शिकताना ते दोऱ्याला टांगलेले हलके गोळे आठवतात का, ते याच भेंडाचे करायचे पूर्वी, आणि घड्याळजी लोक बारीक हत्यारं पुसायला पण हेच वापरायचे. या भेंडाची गोष्ट पुढे परत येणारे, लक्षात ठेवा.

जागा मी दिली ती बागेतली सगळ्यात नावडती, जिथे पाणी ओसरायला वेळ लागतो आणि शेजारी कंपोस्टचा ढीग आहे. नशिबाने नेमकी तीच बरोबर निघाली. एल्डरला ओलावा आवडतो (पण पाणी कायमचं तुंबलेलं नको) आणि नत्र तर खूपच आवडतं, म्हणून तर रानात हे ससे किंवा बिज्जूंच्या बिळांपाशी, जिथे त्यांची विष्ठा पडते तिथे माजलेलं दिसतं. मुळं मात्र वरवर असतात, त्यामुळे बुडाशी खुरपं चालवायचं नाही. मी पहिल्या वर्षी तण काढताना चालवलं, झाड महिनाभर रुसलं. आता जाड आच्छादन घालते आणि तण हातानेच उपटते.

चारातली दोनच ठेवली, बाकीची दोन देऊन टाकली, कारण याचा पसारा मोठा असतो, दोन झाडांत दोन-तीन मीटर तरी सोडावं लागतं. पण एक चूक कळली नंतर. दोन्ही काड्या एकाच झाडाच्या, म्हणजे खरं तर दोन्ही एकच झाड. एल्डर एकट्याने पण थोडं फळतं, पण जवळ दुसऱ्या वाणाचं झाड असलं की घोस चांगले भरतात. मग एक काढून तिथे काळ्या पानांचं, गुलाबी फुलांचं 'ब्लॅक लेस' नावाचं वाण लावलं. नवरा म्हणाला, "अगं हे वाळलंय का?" नाही, ते तसंच दिसतं!

आता छाटणीची फजिती. मी कुठेतरी वाचलं की एल्डर हिवाळ्यात जमिनीलगत सपाट कापून टाकायचं, नवीन जोमदार फुटवे येतात आणि त्यांनाच फुलं लागतात. झकास! दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कापलं सगळं. पुढच्या उन्हाळ्यात पानं काय विचारता, हत्तीच्या कानांसारखी, आणि फूल एक नाही. नंतर कळलं की तो सल्ला अमेरिकन एल्डरसाठी होता, साम्बुकस कॅनाडेन्सिस, ते मुळांतून फुटवे काढत पसरतं आणि त्याच वर्षीच्या काडीवर फुलतं. माझं युरोपियन, साम्बुकस नायग्रा, ते फुलतं मुख्यतः गेल्या वर्षीच्या लाकडावर. म्हणजे मी अख्ख्या वर्षाची फुलं आणि फळं स्वतःच्या हाताने कापून कंपोस्टात घातली होती. तेव्हा कोणी छाटणीबद्दल विचारलं की मी आधी विचारते, तुमचं नक्की कोणतं आहे ते सांगा. युरोपियन असेल तर दर हिवाळ्यात तीन वर्षांपेक्षा जुने झालेले दोन-तीन जाड दांडे बुडातून काढायचे (यात मी नंतर थोडा बदल केला, तो शेवटी सांगते), नवे तितकेच वाढू द्यायचे, बस. लाल फळांचं एक असतं, रेसिमोसा, त्याच्या भानगडीत खाण्यासाठी मी तरी पडणार नाही, पाखरांसाठी लावायचं असेल तर लावा.

फुलं येतात उन्हाळ्याच्या सुरुवातीला. तळहातापेक्षा मोठ्या चपट्या छत्र्या, त्यात शेकडो पाच पाकळ्यांची बारीक सायीच्या रंगाची फुलं. यात मकरंद फारसा नसतो पण पराग चिक्कार, त्यामुळे मधमाश्यांपेक्षा हॉवरफ्लाय (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या) आणि छोटे भुंगे जास्त दिसतात. सरबताचा बराचसा वास त्या परागात असतो म्हणून फुलं धुवायची नाहीत, पावसानंतर तोडायची नाहीत, सकाळचं दव वाळलं की कोरडी आणि नुकती उमललेली तोडायची. आणि तोडण्याआधी प्रत्येक छत्री नाकाला लावायची. हे मी मजेत सांगत नाहीये. ताज्या फुलाला थोडा लिंबासारखा, थोडा मधासारखा गोड वास येतो, पण एक दिवस उशीर झाला, कडा तपकिरी व्हायला लागल्या की त्याच फुलाला चक्क मांजरीच्या मुताचा वास येतो, आणि अशी एक छत्री सुद्धा अख्ख्या पातेल्याचा सत्यानाश करते. केलाय मी. तोडल्यावर छत्री उलटी करून हलक्या हाताने झटकायची आणि ताटात पसरून अर्धा तास सावलीत ठेवायची, मग आतून कोण कोण बाहेर येतं ते बघत बसावं. बोटाच्या नखाच्या चंद्राएवढे काळे भुंगे, एक हिरवा कोळी, एकदा तर काडीसारखी दिसणारी अळी, मी काडी समजून उचलायला गेले तर ती चालायला लागली.

पण इथेच खरी गोम आहे. जी छत्री तोडली तिचं फळ गेलं. फुलं पण पाहिजेत आणि फळं पण पाहिजेत हे एका घोसातून होत नाही. पहिल्या भरघोस वर्षी मी हावरटासारखी जवळजवळ सगळी फुलं ओरबाडली, सरबताच्या बाटल्या भरल्या, आणि नंतर फळांच्या वेळेला झाडावर मोजून नऊ घोस होते. पाखरं येऊन बघून जायची. त्यात एक कस्तुराच्या जातीतला काळा पक्षी तर रोज सकाळी कुंपणावर बसून माझ्याकडे असा बघायचा की मीच वरमायचे.

पुढच्या वर्षी फुलं बेताने घेतली, फळं भरपूर धरली, आणि मग मी दुसऱ्या टोकाला गेले. फळांना रंग चढायला लागल्यावर झाडावर जाळी टाकली. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जाळीत तोच (किंवा त्याचा भाऊ) अडकलेला, एक पंख आणि एक पाय गुंतलेला, दमून गप्प झालेला. कात्री आणली, डाव्या हातात त्याला धरलं आणि एक एक धागा कापत गेले. एवढासा जीव, पण तळहाताला त्याचं काळीज असं धडधडताना लागत होतं की माझीच बोटं थरथरायला लागली, शेवटचा धागा पायाच्या कातडीला चिकटलेला होता, तो कापायला किती वेळ लागला देव जाणे. सुटला तसा माझ्या मनगटावर जांभळी विष्ठा टाकून उडाला. म्हणजे जाळीच्या आत सुद्धा खाऊनच घेतलं होतं पठ्ठ्याने! जाळी त्याच दिवशी काढून टाकली.

आता साधी वाटणी आहे. माझा हात पोचेल तिथपर्यंत माझं, त्याच्या वर त्यांचं. तसंही शिडी लावून कोण चढणार, एल्डरची फांदी ठिसूळ असते, भार टाकला की कडकन मोडते. खालच्या घोसांपैकी आठ-दहांना बारीक जाळीच्या कापडी पिशव्या बांधते, त्यात पाय अडकत नाहीत. फळ पिकल्याची खूण म्हणजे आतापर्यंत वर बघणारा घोस वजनाने खाली लोंबायला लागतो, देठ लालसर जांभळे होतात आणि एकही हिरवा दाणा राहत नाही. चांगलं बसलेलं झाड तीन-चार वर्षांनंतर पाच-सात किलो फळं देतं म्हणतात, माझ्या वाट्याला तीनच्या आसपास येतात आणि मला तेवढी पुरतात, कारण नंतरचं काम किचकट आहे. पूर्वी काट्याच्या चमच्याने दाणे ओढत बसायचे, आता अख्खे घोस रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवते आणि सकाळी पिशवीतच खळाखळा हलवते, दाणे आपोआप सुटतात. मग पाण्यात टाकायचे, पिकलेले तळाशी जातात, हिरवे आणि कचरा बहुतेक वर तरंगतो तो काढून टाकायचा. हा रंग कपड्यावरून जात नाही, पांढरं काही घालून हे काम करू नका.

आणि कच्ची खायची नाहीत. हे जरा दम देऊनच सांगते, कारण मुलं लगेच तोंडात टाकतात. पानं, साल, देठ, हिरवी फळं आणि बिया यांत असे घटक असतात की पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. १९८३ साली कॅलिफोर्नियात काही लोकांनी रानातली फळं पानं-देठांसकट ठेचून त्याचा कच्चा रस काढून प्यायला आणि त्यातल्या आठ जणांना हेलिकॉप्टरने हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. नीट उकळून शिजवलं की खाता येतं. मी बियांसकट शिजवते आणि मग गाळून घेते. औषधी गुणांबद्दल मला विचारू नका, मी जॅम करते.

पाखरांना मात्र काही होत नाही. गर पचवतात आणि बी जसंच्या तसं पाठवून देतात, कुठे पाठवतील सांगता येत नाही. मागच्या दोरीवरची पांढरी चादर गेली त्यात. आणि दर वसंतात कुंपणाखाली, कुंड्यांत, एकदा तर पन्हाळीत एल्डरची रोपं उगवलेली सापडतात.

मावा पण येतो बरं का, कोवळ्या शेंड्यांवर काळसर मखमल अंथरल्यासारखा, आणि त्याच्यामागे त्याला राखायला मुंग्या. पहिल्या वर्षी मी घाबरून साबणाचं पाणी मारलं. पुढच्या वर्षी आळस केला, तर दोन आठवड्यांत तिथे लेडीबर्डच्या (ठिपक्यांच्या छोट्या भुंग्यांच्या) अळ्या हजर, मगरीच्या पिल्लांसारख्या दिसतात, पहिल्यांदा बघितलं की त्याच कीड वाटतात. त्यांनी मावा बराचसा फस्त केला. शेंडे थोडे आकसले, झाडाला फरक पडला नाही. तेव्हापासून साबण भांड्यांपुरता.

आता ते भेंड. दोन हिवाळ्यांपूर्वी जुने दांडे काढताना मी मागच्या खेपेला अर्धवट कापलेला एक वाळका दांडा उभा चिरला, आणि आत भेंड कोरून केलेली एक सरळ नळी, त्यात लहानशा काळ्या चकचकीत माश्या, एकामागे एक, लोकलच्या रांगेसारख्या, थंडीने गारठून निजलेल्या. मुंगीपेक्षा थोड्या मोठ्या. मधमाश्यांच्या नात्यातल्या, छोट्या जातीच्या सुतार माश्या या, कापलेल्या टोकातून भेंडात शिरतात आणि तिथेच पिल्लं वाढवतात, हिवाळा तिथेच काढतात. मी ते दोन तुकडे परत जुळवून सुतळीने बांधले आणि तसेच कुंपणाशी उभे केले. त्यातल्या किती वाचल्या मला माहीत नाही. पण तेव्हापासून जुना दांडा बुडातून काढत नाही, हातभर खुंट ठेवते. दिसायला अगदी गबाळं दिसतं, शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या की अर्धंच काम का सोडलं.

काल यंदाच्या छाटणीला गेले होते. खुंट एक एक करून तपासले, चौथ्याच्या टोकाला भेंडात गोल भोक आणि खाली भुसा सांडलेला. त्याला लाल लोकर बांधून आले. संध्याकाळी नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "हे काय नवीन?"

म्हटलं, भाडेकरू आहे, हात लावू नकोस.