जुन्या मीटरची आठवण जपताना: माझा अनुभव

एचपी ३४७८ए हा बेंच मीटर, म्हणजे टेबलावर ठेवून व्होल्टेज, रेझिस्टन्स वगैरे मोजायचा मीटर, माझ्याकडे आला तो एका कारखान्यातून भंगारात निघालेल्या मालातून. पुढच्या पट्टीवर ओरखडे होते, एक बटण पिवळं पडलं होतं. पण चालू केला, सेल्फ टेस्ट पास झाली आणि साडेपाच अंक (पाच पूर्ण आणि पुढचा एक मर्यादित) उमटले, तेव्हा फार आनंद झाला. माझ्या सरांचा दहा व्होल्टचा रेफरन्स (अचूक, ठरावीक व्होल्टेज देणारं साधन) लावून पाहिला, तर १९८०च्या दशकातला हा मीटर माझ्या नव्या हँडहेल्ड मीटरपेक्षा अचूक निघाला.

झाकण उघडल्यावर बोर्डावर सोल्डर केलेला ३ व्होल्टचा लिथियम सेल दिसला. सगळी काळजी त्याचीच. या मीटरमध्ये शून्य आणि पूर्ण स्केल जुळवायला प्रीसेट (फिरवायचे छोटे स्क्रू) नाहीत. कॅलिब्रेशनच्या (अचूक प्रमाणाशी मीटर जुळवण्याच्या) वेळी ठरलेला प्रत्येक रेंजचा ऑफसेट (शून्याची दुरुस्ती) आणि गेन (पटीची दुरुस्ती) आकड्यांच्या रूपात एका छोट्या सीमॉस रॅममध्ये, म्हणजे अगदी कमी विजेवर टिकणाऱ्या मेमरी चिपमध्ये जातो, आणि मीटर बंद असताना ती रॅम या सेलवर तग धरते. सेल संपला तर मीटर चालेल, पण दाखवेल ते चुकीचं. मग सगळ्या रेंज प्रयोगशाळेतून नव्याने कॅलिब्रेट करून घ्यायच्या, ज्याचा खर्च मीटरच्या किमतीपेक्षा जास्त. सेल मोजला तर तीनच्या आसपास व्होल्टेज आलं. त्यावर विसंबून चालत नाही, कारण लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं.

म्हणून आधी रॅममधली आठवण उतरवून घ्यायची आणि मगच सेलला हात लावायचा, असं ठरवलं.

ही रॅम जीपीआयबीवरून, म्हणजे मोजमापाची उपकरणं संगणकाला जोडायच्या जोडणीवरून, वाचता येते. वापरणाऱ्याच्या पुस्तिकेत नसलेली एक कमांड आहे: डब्ल्यू हे अक्षर आणि त्यामागे पत्त्याचा (रॅममधल्या जागेच्या क्रमांकाचा) एक बाइट. मीटर त्या जागेवरचे चार बिट (म्हणजे ० ते १५मधला एक आकडा) एका अक्षराच्या रूपात परत पाठवतो, शून्यासाठी ॲट-द-रेटचं चिन्ह आणि १ ते १५साठी ए ते ओ. पत्ते ० ते २५५. तयार जीपीआयबी ॲडाप्टर महाग पडतो, म्हणून मी आर्डुइनो या छोट्या बोर्डावर एआर४८८ हा ॲडाप्टरचं काम करणारा प्रोग्राम टाकला आणि २४ पिनांचा कनेक्टर त्याला जोडला. १६ सिग्नलच्या तारा सोल्डर करण्यात एक पूर्ण रविवार गेला. मीटरचा जीपीआयबीवरचा पत्ता २३ दिला आणि पहिलंच अक्षर आलं, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

सगळी २५६ अक्षरं वाचली. खात्रीसाठी पुन्हा वाचली. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या. मी सरांना फोन करून बॅकअप झाल्याचं सांगितलं. आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलेला माणूस, त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, दोन्ही वेळा एकच चूक झाली असली तर?"

मी पुन्हा बसले. पत्ता ० सोडला तर पुढे १३-१३ अक्षरांच्या १९ नोंदी असतात. पहिली ६ अक्षरं ऑफसेटची, नंतरची ५ गेनची आणि शेवटची २ तपासणीची. पहिल्या अकरा अक्षरांच्या आकड्यांची बेरीज आणि तपासणीचा आकडा मिळून २५५ यायला हवेत. मी वहीत मांडून पाहिलं. पहिली, तिसरी आणि चौथी नोंद जुळेना. बाकी वापरातल्या सगळ्या जुळत होत्या.

रॅम खराब असती तर चुका अशा ठरावीक ठिकाणी का याव्यात? तिसरी नोंद पत्ता २७पासून सुरू होते, हे लक्षात आलं आणि तिथेच धागा मिळाला. २७ हा एस्केप या नियंत्रण-चिन्हाचा बाइट. ओळ बदलायच्या लाइन फीडचा १०, ओळीच्या सुरुवातीला जायच्या कॅरेज रिटर्नचा १३ आणि अधिकच्या चिन्हाचा ४३. हे चारही बाइट ॲडाप्टर स्वतःच्या कामासाठी वापरतो आणि पुढे मीटरला पाठवत नाही. १० आणि १३ पहिल्या नोंदीत, २७ तिसऱ्या, ४३ चौथ्या नोंदीत. म्हणजे मीटर बरोबर होता, माझा प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. प्रोग्राममध्ये या चारांच्या आधी एस्केप (पुढचा बाइट जसाच्या तसा पाठव, अशी खूण) लावला, पुन्हा वाचलं आणि बेरजा २५५ आल्या.

सेल बदलण्याआधी मीटर तासभर तापू दिला. एडी५८४ या रेफरन्सचे १०, ७.५, ५ आणि २.५ व्होल्ट आणि चार चांगले रेझिस्टर मोजून आकडे वहीत लिहिले. मग मीटर बंद करून प्लग काढला. जुना सेल काढताना रॅमला पुरवठा राहावा म्हणून दोन पेन्सिल सेल डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) समांतर जोडले. डायोड हवाच, नाहीतर लिथियम सेल उलटा चार्ज होऊ लागेल, आणि तो चार्ज करायचा नसतोच. सोल्डरिंग आयर्न तापवून, प्रत्येक वेळी त्याचा प्लग काढूनच टेकवत होते.

नवा टॅबवाला सेल बसवताना पेन्सिल सेलची क्लिप निसटली. क्षणभरच. पण मीटर चालू केल्यावर कॅलिब्रेशन गेल्याचं त्यानेच सांगितलं. हात थरथरत होते, तरी फाइल होती.

समोरच्या पट्टीवरचा कॅलिब्रेशनचा स्विच स्क्रूड्रायव्हरने फिरवला, कारण तो चालू असल्याशिवाय रॅममध्ये लिहिता येत नाही. एक्स, पत्ता, अक्षर, असं २५६ वेळा पाठवलं. परत वाचून फाइलशी ताडून पाहिलं, स्विच पूर्ववत केला, मीटर बंद करून पुन्हा लावला. तासाभराने तेच रेफरन्स, तेच रेझिस्टर. वहीतल्या आकड्यांशी कुठे शेवटच्या अंकात एक-दोनचा फरक, कुठे तोही नाही.

त्या २५६ अक्षरांचा छापील कागद आता पाकिटात घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. सेल बदलल्याची तारीखही त्यावर आहे. फाइल माझ्याकडे आहे आणि एक प्रत सरांकडे. हा मीटर पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला संगणक मिळाला नाही, तरी हा कागद नक्की मिळेल.