एक ब्लेड कमी

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काहीही लिहा, पण लिहा’ असा निरोप आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला. काहीही म्हणजे खरं तर प्रार्थना, स्नेहसंमेलन, ठाण्याच्या तलावपाळीवरून निघणारी प्रभातफेरी असं सगळंच यायला हवं. पण कागद पुढे ओढला की समोर विज्ञानाच्या बाईच उभ्या राहतात. नाव लिहीत नाही. वनस्पतींचे काप रंगवायच्या सॅफ्रनिनने ज्यांची बोटं आठ-आठ दिवस लाल राहिली, त्यांना ते सांगायला नको.

साल १९८६, नववीचा वर्ग, जुलै महिना. धडा वनस्पतींच्या ऊतींचा, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा. बाई पुस्तक मिटूनच शिकवायच्या. पिशवीतून नारळाची शेंडी काढायच्या, ‘तोड’ म्हणायच्या. ती तुटेना की मग दृढ ऊती, तिला कडक करणारं लिग्निन वगैरे. तलावातली जलपर्णी आणून तिचा फुगीर देठ पाण्याखाली दाबायला लावायच्या. बुडबुडे आले की हवा साठवणारी वायू ऊती. तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात उभं केलं, तर तास संपायच्या आत काचेसारख्या खोडातून लाल रेघा वर चढलेल्या. वही उघडायची ती त्यानंतर.

सेक्शन, म्हणजे खोडाचे पातळ काप, कापायला ब्लेडं मिळायची ती मोजून, परत घ्यायची तीही मोजून. त्या दिवशी चोवीस दिली, तेवीस आली. चोविसावं माझ्या कंपासपेटीत होतं. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या पेरूच्या बोटभर जाड फांदीला मी गोल दोन काप दिले आणि मधली इंचभर साल सोलली. पावसाळ्यात साल सुटते पण कशी, अख्खी बांगडी हातात आली! फांदी दोन दिवसांत वाळणार, अशी एका वडापावची पैज होती.

फांदी वाळेना. आठवडा झाला तरी पानं टवटवीत. पैज हरल्याचं काही नव्हतं, पण राहवेना. भर तासाला मी उभा राहिलो. ‘बाई, साल काढली तरी फांदी जिवंत कशी राहते?’

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘म्हणजे चोविसावं ब्लेड तुझ्याकडे आहे.’

वर्ग हसला. मला वाटलं आता मुख्याध्यापकांकडे वरात. वरात निघाली ती पेरूकडे, अख्ख्या वर्गाची. ‘पाणी कुठून चढतं? आतल्या लाकडातून. ते तू कापलंच नाहीस. जलवाहिन्यांच्या पेशी मेल्यावरच पाणी वाहायला लागतात, तुला काय वाटलं? पण पानांनी केलेलं अन्न खाली उतरतं ते सालीतल्या रसवाहिन्यांतून, आणि त्या जिवंत असतात. तो रस्ता तू तोडलास.’ सोललेल्या कड्याच्या वरच्या काठावर बोट ठेवायला लावलं. काठ सुजल्यासारखा लागला. इटलीच्या माल्पिघीने सतराव्या शतकात झाडाची अशीच साल काढून हीच सूज पाहिली होती, हेही सांगितलं. ‘तुला तीनशे वर्षं उशीर झाला.’

शिक्षा म्हणजे गुटी, फांदीला झाडावरच मुळं फुटवायची. सोललेल्या जागी ओली माती नि कुजलेलं शेणखत लिंपायचं, वर गोणपाट, सुतळीने आवळायचं आणि रोज मधल्या सुट्टीत भिजवायचं. गणपतीच्या सुट्टीनंतर बाईंनी गोणपाट सोडलं. पांढरी मुळं! तीही फक्त वरच्या काठाला, खालचा काठ कोरडा. अन्न जिथे अडलं तिथल्या पेशी पुन्हा विभागायला लागल्या होत्या. स्थायी ऊती, म्हणजे विभागणं थांबलेल्या पेशी, कायम स्थायी राहतातच असं नाही, हे मी परीक्षेत लिहिलं आणि उत्तर पुस्तकाप्रमाणे नाही म्हणून माझा एक मार्क गेला. पेपर बाईंनी तपासला नव्हता, एवढं नमूद करतो.

ती फांदी कापून मी घरी नेली. कोपरीला आमच्या चाळीच्या मागे ती झाड झाली. आज वागळे इस्टेटमध्ये माझं हायड्रॉलिक होजचं, म्हणजे दाबाखालचं तेल वाहणाऱ्या नळ्यांचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकाला पंपाशिवाय पाणी वर चढवणाऱ्या झाडाची गोष्ट सांगतो आणि पेरू देतो. दाताखाली गरातली कचकच आली की ‘बी नव्हे, अश्मपेशी, दगडासारख्या कडक झालेल्या पेशी’ हेही सांगतो. बायको म्हणते, आता पुरे.

बाई गेल्या तेव्हा मी कोइमतूरला प्रदर्शनात होतो. चौथ्या दिवशी कळलं.

चाळ पुनर्विकासात गेली, पेरूही गेला. पण त्याआधी त्याच्या पाच गुट्या बांधल्या होत्या, तीन धरल्या. मागच्या महिन्यात शाळेत आलो तर प्रयोगशाळेमागे भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. पेरू कधी तोडला, शिपाईमामांनाही आठवेना. समितीला विनंती एवढीच, की तिथले नऊ ब्लॉक उचलायची परवानगी द्यावी. पहार, माती आणि माणसं मी आणतो. रोप तयार आहे, जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की येतो. कुंडीत लावा असं मात्र कुणी सुचवू नये.