तुम्ही विचारलंत म्हणून: एका दिवसाच्या टूरमध्ये शहर कळतं का?

बाल्टिक समुद्राची क्रूझ करून आल्यापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी निघतं. मधल्या सात-आठ तासांत जहाजाची गाइडेड टूर घ्यावी, की आपलं आपण फिरावं? आणि एवढ्या वेळात शहर कळतं तरी का?

शहर कळत नाही, हे आधीच सांगते. त्यातली एखादी गोष्ट कळू शकते. मला ती एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये कळली, म्हणून त्याच दिवसाबद्दल लिहिते.

पण आधी व्यवहाराचं. टूर घ्यायची की नाही, हे बंदरापासून शहर किती लांब आहे त्यावर ठरवा. क्रूझच्या कार्यक्रमात ‘बर्लिन’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं वार्नेम्युंडे या बंदराला. तिथून बर्लिन दोनशे किलोमीटरहून जास्त दूर आहे, जायला तीन तास आणि यायला तीन तास. अशा ठिकाणी मी डोळे मिटून जहाजाचीच टूर घेईन. कारण जहाजाच्या टूरची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः फिरायला गेलात आणि उशीर झाला तर थांबत नाही. जहाजावर परतायची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधीची असते, आणि जहाजाचं घड्याळ नि गावातलं घड्याळ एकच आहे ना, हे उतरतानाच बघून घ्यायचं.

टॅलिनला यातली कुठलीच भीती नाही. धक्क्यावरून जुन्या शहराची तटबंदी पंधरा-वीस मिनिटांत पायी गाठता येते. म्हणजे टूरची गरज नव्हती. आम्ही घेतली ती आईसाठी. तिचे गुडघे दुखतात, आणि तिथल्या जुन्या शहराचा वरचा भाग, टूम्पेआ, टेकडीवर आहे. बस वरपर्यंत नेते आणि मग उतारानं खाली चालत यायचं, असा कार्यक्रम होता. छातीवर गटाच्या नंबराचा स्टिकर, कानात रिसीव्हर, पुढे नंबराची पाटी उंच धरलेली गाइड. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई होती, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ बोलणारी.

बस आधी टेकडीकडे गेलीच नाही. पीटर द ग्रेटनं 1718 मध्ये बांधायला घेतलेला काद्रिओर्गचा राजवाडा बाहेरून दाखवून ती एका मोकळ्या मैदानाशी थांबली. गवताचा मोठा उतार आणि खाली, समुद्राच्या बाजूला, काँक्रीटची प्रचंड कमान. बाकी काही नाही. आमच्यातले निम्मे लोक बसमधून उतरलेसुद्धा नाहीत. मीही मनात म्हटलं, इथे वीस मिनिटं घालवण्यापेक्षा जुन्या शहरात जास्त वेळ दिला असता तर बरं झालं असतं. आई मात्र कठडा धरून उतरली, म्हणून मी उतरले.

ते गाण्याचं मैदान होतं. एस्टोनियात 1869 पासून गायनमहोत्सव होतात, पहिला टार्टू शहरात झाला. आता साधारण दर पाच वर्षांनी भरतो आणि हजारो गायक त्या कमानीखाली उभे राहून एकत्र गातात. कमान 1960 ची, म्हणजे एस्टोनिया सोव्हिएत संघात होता त्या काळातली. त्या काळातही महोत्सव होत राहिले, फक्त मॉस्कोची स्तुती करणारी गाणी कार्यक्रमात घालावी लागत. गुस्ताव एर्नेसाक्स या संगीतकारानं चाल दिलेलं एक देशगीत मात्र कार्यक्रमातून काढून टाकलं होतं. 1960 च्या महोत्सवात लोकांनी ते परवानगीवाचून गायलं. पुढे सरकारलाच ते कार्यक्रमात परत घ्यावं लागलं. उताराच्या वरच्या भागात एर्नेसाक्स यांचा ब्राँझचा पुतळा आहे. बसलेला आहे, कमानीकडे बघत.

हे सगळं पुस्तकात मिळालं असतं. यानंतर गाइडनं जे सांगितलं, ते मिळालं नसतं. 11 सप्टेंबर 1988 ला या मैदानात सुमारे तीन लाख माणसं जमली होती, असं मानतात. सगळ्या देशाची लोकसंख्या तेव्हा पंधरा-सोळा लाख. अनेक वर्षं बंदी असलेला एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा उघडपणे फडकत होता, आणि स्वातंत्र्य परत मिळवायची मागणी तिथे व्यासपीठावरून झाली. गाइड तेव्हा अकरा वर्षांची होती. आजीबरोबर आली होती. मी विचारलं, तुम्हाला त्यातलं काय आठवतं? ती म्हणाली, “पाय दुखत होते ते आठवतं. रविवार होता. परतताना बसमध्ये शिरायला जागाच नव्हती, आम्ही चालत घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी शाळा होती.” मग जरा थांबून म्हणाली, “आजी गात नव्हती. नुसते ओठ हलवत होती. इतकी वर्षं हळू आवाजात बोलायची सवय. शेवटी-शेवटी तिचा आवाज आला. मी तो पहिल्यांदा ऐकला.”

आईला मी मराठीत सांगत होते. ती म्हणाली, “त्यांना विचार, त्या गाण्याची एक ओळ म्हणून दाखवतील का?” मी विचारलं. गाइड हसली, पण मान हलवली. “ते एकटीनं म्हणायचं गाणं नाही.” आईला ते लगेच पटलं. मला पटायला थोडा वेळ लागला.

त्यानंतरचं टूम्पेआ मी वेगळ्याच नजरेनं पाहिलं. तिथला पिक हेर्मान बुरुज नुसता बघितला असता तर जुना दगडी बुरुज एवढंच म्हटलं असतं. त्यावर 24 फेब्रुवारी 1989 ला तो झेंडा पुन्हा चढला, तेव्हा सोव्हिएत संघ अजून शाबूत होता. त्याच वर्षी 23 ऑगस्टला टॅलिनपासून लाटव्हियातल्या रीगामार्गे लिथुआनियातल्या व्हिल्नियसपर्यंत, सहाशेहून जास्त किलोमीटर, माणसांनी हातात हात धरून साखळी केली, तिचं इकडचं टोक या बुरुजाच्या पायथ्याशी होतं. हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला करार करून हे देश आपसांत वाटून घेतले होते. 20 ऑगस्ट 1991 ला एस्टोनियानं आपलं स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं.

खालचं जुनं शहर सुंदर आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. 1404 मध्ये पूर्ण झालेलं नगरभवन आहे, त्याच चौकात निदान 1422 पासून चालू असलेलं औषधांचं दुकान आहे, आणि फरसबंदीवर बूट चांगले नसतील तर हाल होतात. हा भाग कोणीही नकाशा घेऊन बघू शकतं. गाइडही इथे घाईत होती, गट लांबत होता, मागच्यांच्या कानातला आवाज तुटत होता. चाळीस मिनिटं ‘मोकळा वेळ’ म्हणून दिली, ती बहुतेकांची अंबरच्या, म्हणजे पिवळसर खड्यांच्या, दागिन्यांच्या दुकानांत गेली.

म्हणून मला विचाराल तर गाइड लागतो तो जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथे. देवळं, किल्ले, चर्च आपलं आपण बघता येतं. रिकाम्या गवतावर काय झालं, ते तिथे उभं राहिलेलं माणूसच सांगू शकतं. टूर निवडताना मी आता यादीतली ठिकाणं मोजत नाही. कुठल्या थांब्यावर आपण एकटे असतो तर गेलोच नसतो, ते शोधते.

दुपारी बस जेवणासाठी जहाजावर परतली. आई तिच्यातून गेली. मी थांबले आणि जुन्या शहराच्या विरू दरवाज्याजवळून काद्रिओर्गची ट्राम पकडून, बागेतून चालत, पुन्हा त्या मैदानावर गेले. एर्नेसाक्सच्या पुतळ्याशेजारी तासभर बसले. एक माणूस गवत कापत होता. दोन मुलं उतारावरून सायकली सोडत होती आणि पुन्हा ढकलत वर आणत होती. समोर कमान आणि तिच्यामागे समुद्र. वेळ राखून निघाले आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं चालत धक्क्यावर आले.

संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा आई डेकवर उभी होती. तिनं कुणाची तरी दुर्बीण मागून घेतली होती आणि किनाऱ्यावर शोधत होती. मी बोट करून दाखवलं. समुद्रातून ती कमान पाठमोरी दिसते. “सापडली,” आई म्हणाली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिनं दुर्बीण खाली केली नाही.