एफ्टेलिंग ठरलं!

आज दिवसभर लॅपटॉपसमोर होते. आमचा पहिलाच परदेश प्रवास, आणि लेकीसाठी मी निवडलंय नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग हे थीम पार्क. तिथलं परीकथांचं जंगल 1952 मध्ये सुरू झालं, चित्रकार आन्तोन पीक यांच्या कल्पनेतून. त्यातला लांगनेक हा हलता पुतळा आपली लांबच लांब मान वर नेतो, तो व्हिडिओ दोघींनी चार वेळा पाहिला. आणि कागदाचा कचरा मागून मागून गिळणारी बोलकी कचरापेटी, होले बोले खैस! त्याच्यासाठी तिनं आत्तापासून कागद साठवायला घेतलेत.

शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) काम मात्र किचकट. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा हवा, पासपोर्ट तिथून निघाल्यावरही तीन महिने वैध हवा. लेकीचा नेमका संपत आलाय, म्हणजे आधी तेच. 

झोपताना विचारत होती, "आई, रात्री तो मान खाली घेऊन झोपतो का गं?"