अंधाराचं तिकीट

मुंबईत अंधार मिळत नाही. रात्री दोन वाजता पडदा ओढून घेतला तरी फटीतून रस्त्यावरचा दिवा आत येतोच. समोरच्या टॉवरच्या जिन्यात ट्यूब जळत असते आणि नाक्यावर मेट्रोच्या कामाचा फ्लडलाइट. या शहरात अडीच तासांचा अस्सल काळोख पैसे मोजून मिळतो तो सिनेमागृहात. सिनेमा काय, आता घरच्या टीव्हीवरही दिसतो. पण वन बीएचकेत काळोख करता येत नाही. कुणी तरी फ्रिज उघडतं, कुणाचा तरी अभ्यास असतो. त्यामुळे थिएटरचं तिकीट निम्मं तरी अंधाराचं असतं. आणि हा अंधार चाळीतल्या सामाईक नळासारखा आहे. एकाने तोटी उघडी टाकली की पाणी सगळ्यांचं जातं.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला, कोलकात्याहून दिल्लीला. तेव्हापासूनच्या तीस वर्षांत थिएटरात फोन वाजू द्यायचा नाही, एवढं आपण बऱ्यापैकी शिकलो. वाजलाच तर माणूस ओशाळतो, बायको कोपराने ढोसते, मागून ‘शुक्’ येतं. उजेडाबाबत मात्र अजून कुणी ओशाळत नाही. शेजारचा गृहस्थ मांडीवर लखलखीत फोन उघडून शांतपणे स्टेटस बघत बसतो. आपण कुणाला त्रास देतोय हे त्याच्या गावीही नसतं, कारण फोन तर सायलेंटवर आहे!

जरा आकडे पाहू. डिजिटल प्रोजेक्शनच्या मानकाप्रमाणे पडद्यावरचा सर्वांत उजळ पांढरा रंग 48 निट असावा लागतो. निट हे पृष्ठभागाची उजळता मोजायचं एकक. रात्रीचा प्रसंग असेल तर पडद्याचा बराचसा भाग एका निटच्याही खाली असतो. फोन मात्र उन्हात वाचता यावा म्हणून बनवलेला असतो. 500 निट ही साधी गोष्ट, महागडे फोन हजाराच्या पुढे जातात. म्हणजे दादरच्या पुलावर भर दुपारी बोटाने वर सरकवलेला ब्राइटनेस तसाच घेऊन कुणी आत आला, तर त्याच्या हातातली काच पडद्यावरच्या शुभ्रातल्या शुभ्र पांढऱ्याच्या दहा-वीसपट उजळ असते. मागच्या पाचव्या रांगेतून ती लहान दिसते, पण फिकी दिसत नाही.

‘तुम्ही तिकडे बघू नका ना’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मधल्या बिंदूवर नसतात, त्याच्या आजूबाजूला पसरलेल्या असतात आणि निळसर-हिरव्या उजेडाला त्या सर्वाधिक संवेदनशील असतात. फोनच्या थंड पांढऱ्या उजेडात निळा आणि हिरवा भाग भरपूर असतो. नजर पडद्यावर रोखलेली असली तरी कडेला काही चमकलं की ती तिकडे ओढली जाते. त्यात सभ्यता-असभ्यतेचा प्रश्नच नाही.

यात थिएटरच्या बांधणीचाही हात आहे. जुन्या एकपडदा थिएटरांच्या स्टॉलला उतार बेताचा असे. पुढच्याचं डोकं मध्ये येतं ही तिथली सनातन तक्रार. पण तेच डोकं त्याच्या मांडीवरचा उजेडही अडवायचं. मल्टिप्लेक्सने पायऱ्यापायऱ्यांच्या रांगा केल्या, डोक्यांची अडचण संपली आणि प्रत्येकाची मांडी मागच्या सगळ्या रांगांना उघडी पडली. एच रांगेत उघडलेला फोन जे, के, एल अशा सगळ्यांना वरून दिसतो. रिक्लायनर तर त्याहून वाईट. माणूस आडवा होतो, फोन छातीवर उभा होतो आणि उजेडाची दिशा थेट मागे.

यावर लोक आपापल्या परीने उपाय करतात. कुणी फोन ओढणीत धरतं, कुणी पर्समध्ये तोंड घालून वाचतं, कुणी पॉपकॉर्नच्या टबात लपवतं. पदराआड दिवा नेण्याची आपल्याकडे परंपराच आहे, पण ती दिवा विझू नये म्हणून. इथे पदर उजळतो, पांढऱ्या कुडत्याचा तर आकाशकंदील होतो.

खरा उपाय बाहेरच्या लॉबीतच करायचा असतो आणि त्याला दोन मिनिटं पुरतात. आधी ऑटो ब्राइटनेस बंद करून पट्टी अगदी तळाला न्यायची. लॉबीच्या उजेडात फोन मेल्यासारखा दिसेल. आत तोच नीट वाचता येतो, कारण बऱ्याच चांगल्या फोनवर ही खालची पातळी दोन-तीन निटांच्या आसपास असते. ऑटोवर भरवसा का नाही? कारण फोन खिशातून निघाल्यावर त्याला उजेड जोखायला क्षणभर लागतो आणि तो पहिला क्षणच भपकन डोळ्यात जातो. डार्क मोड लावावा, पण त्याच्यावर विसंबू नये. चॅट काळी असली तरी त्यातली लिंक उघडली की पांढरंशुभ्र पान समोर येतं. उचलताच जागा होण्याची सोय आणि सतत घड्याळ दाखवणारा डिस्प्ले, दोन्ही तेवढ्यापुरतं बंद. मनगटावर स्मार्टवॉच असेल तर अनेकांत थिएटर मोड असतो. काही घड्याळांवर त्याचं चिन्ह नाटकातल्या दोन मुखवट्यांचं आहे. तो लावला नाही तर खारा शेंगदाणा तोंडात टाकण्यासाठी हात वर गेला की मनगटावर वीज चमकते.

आवाजाचं शिकलो म्हटलं तरी त्यातही चोरवाटा आहेत. आयफोन सायलेंट केला तरी अलार्म वाजतो. अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्ब लावलं तरी अलार्मला सहसा मुभा असते. रात्री नऊची रक्तदाबाची गोळी अशा वेळी अख्ख्या थिएटरला आठवते. डू नॉट डिस्टर्बमध्ये आणखी एक सोय असते: तोच माणूस लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करत असेल तर काही तरी तातडीचं असणार, असं समजून फोन तो कॉल आत सोडतो. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची, अँड्रॉइडवर पंधरा. कल्पना चांगली आहे, पण ज्याने ती काढली त्याला मराठी आई माहीत नसावी. पहिला फोन उचलला नाही की दुसरा तिसाव्या सेकंदाला येतो आणि विषय कोथिंबिरीचा असतो. म्हणून डू नॉट डिस्टर्बच्या जोडीला सायलेंटही लागतं. व्हायब्रेशनही काढावं, निदान फोन कपहोल्डरमध्ये ठेवू नये. पोकळ प्लास्टिकमध्ये तो भुंग्यासारखा घुमतो आणि खुर्च्यांच्या सामाईक हातामुळे शेजारच्याच्या कोपरापर्यंत पोचतो.

इतकं करूनही वाजला तर? नव्वद टक्के लोक इथे चूक करतात. पर्सची चेन, मग आतली चेन, मग चष्म्याचं घर, आणि तोवर चढत्या आवाजाची रिंगटोन सप्तकाच्या टोकाला. फोन बाहेर काढायची गरजच नसते. कापडावरूनच बाजूचं आवाजाचं बटण चाचपून एकदा दाबलं की रिंग थांबते. कॉल कट होत नाही, समोरच्याला नुसती घंटी ऐकू येत राहते. पडदाही बघावा लागत नाही. उचलून ‘मी थिएटरमध्ये आहे’ असं कुजबुजणं हा सर्वांत वाईट मार्ग, कारण पलीकडून हमखास प्रश्न येतो, ‘अरे वा, कुठला? कसा आहे?’

फोन बघण्याची कारणं सगळीच फालतू नसतात, हेही खरं. मुंबईत तर नाहीतच. जुलैतल्या संध्याकाळी शो सुरू असताना बाहेर धो धो लागला असेल, तर हिंदमाताला पाणी भरलं का, हार्बर चालू आहे का, हे प्रश्न जिवाचे होतात. लास्ट शोला बसलेल्या डोंबिवलीकराला क्लायमॅक्सच्या वेळी लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर अ‍ॅप उघडावंसं वाटणारच. गाडी कुणाच्या तरी आड लावून काचेवर नंबर ठेवला असेल तर फोन येऊ शकतो. यावर आपल्याकडे एक देखणी सोय आहे, ती म्हणजे मध्यंतर. जगात बहुतेक ठिकाणी सिनेमा सलग दाखवतात. आपल्याला तासा-सव्वा तासाने दिवे लावून देतात. गाडीची वेळ तेव्हाच बघून ध्यानात ठेवावी, पावसाचा अंदाज घ्यावा, आईला कोथिंबिरीचं सांगून टाकावं. ड्यूटीवरच्या डॉक्टरने किंवा घरी आजारी माणूस असलेल्याने बुकिंग करतानाच पायऱ्यांलगतची खुर्ची निवडावी, ठरावीक दोन नंबरांनाच मुभा द्यावी, फोन व्हायब्रेटवर शर्टाच्या खिशात ठेवावा आणि तो थरथरला की न बघता उठून दाराबाहेर जाऊन बघावा. उशिरा येऊन जागा शोधताना टॉर्चचा झोत पायापाशी धरावा. जुने डोअरकीपर बॅटरी नेमकी तशीच धरत, पायरी दिसेल पण माणसांचे चेहरे उजळणार नाहीत अशी. आता लोक फोन कपाळाच्या उंचीवर धरून अख्खी रांग तपासतात, तिकीट तपासनीस डब्यात चढावा तसे.

थिएटरवाल्यांनाही थोडं ऐकवायला हवं. पडद्यावर फोन बंद ठेवण्याची विनंती करायची आणि खुर्चीवर खाणं मागवायचा क्यूआर कोड चिकटवायचा, हे काय? समोसा मागवायचा तर कॅमेरा, पांढरा मेन्यू, पैसे भरायचं अ‍ॅप, एवढं सगळं उजळणार. हे सिनेमाआधीच उरकावं, राष्ट्रगीताला उभं राहायच्या आत. ते 52 सेकंद हातात काही नसलेलं बरं.

शेजाऱ्याला सांगायचं कसं, हे खरं नाजूक काम. पहिलं अर्धं मिनिट काही बोलू नये. बरेच जण वेळ बघून फोन आपणच ठेवतात. तरी चालूच राहिला तर किंचित वाकून, पडद्यावरची नजर न काढता, ‘जरा ब्राइटनेस कमी कराल का?’ एवढंच. ‘फोन बंद करा’ म्हटलं की समोरच्याला तो हुकूम वाटतो आणि मग ‘आम्हीपण पैसे भरलेत’ हे ठरलेलं वाक्य येतं. ब्राइटनेस कमी करणं ही मात्र तांत्रिक मदत मागितल्यासारखी वाटते. मुंबईच्या रीतीने वाक्य मराठीत सुरू करून गरज पडल्यास हिंदीत संपवावं. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर आपण सांगू नये. बाहेर जाऊन कर्मचाऱ्याला रांग आणि खुर्चीचा नंबर द्यावा. फोनवाल्याच्या तोंडावर आपला टॉर्च मारणं हा उपाय करणारेही आहेत, पण मग एकाचे दोन दिवे होतात. लहान मुलाला गप्प करायला कार्टून लावून दिलेल्या आईवर मात्र फार चिडता येत नाही. अडीच वर्षांच्या पोराला अडीच तास सिनेमा दाखवायचा हा बेतच चुकलेला असतो आणि ते तिला दहाव्या मिनिटालाच कळलेलं असतं.

नायकाच्या एंट्रीला वर होणाऱ्या फोनांचं प्रकरण वेगळं. शिट्ट्या, नाणी, आरोळ्या यांचं मुंबईच्या जुन्या थिएटरांना वावडं नाही. बांद्र्याच्या गेइटी-गॅलेक्सीत त्याशिवाय पहिला दिवस साजराच होत नाही. पण शिट्टी वाजून विरते, स्टेटससाठी वर गेलेला हात मिनिटभर तसाच राहतो. शिवाय सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. थिएटरात विनापरवानगी चित्रण केल्यास तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. पंधरा सेकंदांच्या स्टेटससाठी इतकी जोखीम जास्तच झाली.

नाटकाला जाणाऱ्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक असायला हवं. ‘भ्रमणध्वनी बंद ठेवावेत’ ही विनंती शिवाजी मंदिरपासून दीनानाथपर्यंत तिसऱ्या घंटेआधी होते, आणि चौथी घंटा प्रेक्षकांतून वाजते. 2019 मध्ये नाशिकला सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला होता. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच थांबवावं लागेल, अशा अर्थाचं जाहीरपणे लिहिलं. सिनेमातला नट थांबत नाही, इतकाच फरक. तेव्हा फोनची रेंज तोडणाऱ्या जॅमरची मागणीही झाली. पण जॅमर सरकारी परवानगीशिवाय कुणालाही बसवता येत नाही, आणि बसवला तरी तो कॉल अडवतो, उजेड नाही.

शेवटी एक काम राहतंच: जाताना फोन घेतला का हे बघणं. साध्या खुर्चीची बैठक आपण उठल्याबरोबर वर उचलली जाते आणि मांडीवरचा फोन मागच्या फटीत जातो. रिक्लायनरमध्ये तो यंत्रणेत घसरतो. अशा वेळी सीटचं बटण अजिबात दाबू नये. सांध्यात फोन चेपला तर बॅटरी पेट घेऊ शकते. कर्मचाऱ्याला बोलवावं, दिवे लागू द्यावेत. सोबतच्याने रिंग देऊन उपयोग नसतो, कारण आपण शहाण्यासारखा तो सायलेंटवर टाकलेला असतो. मग दुसऱ्याच्या फोनवर आपलं खातं उघडून हरवलेला फोन शोधायच्या सोयीतून आवाज द्यायचा. सायलेंट असला तरी तो वाजतो; अँड्रॉइड तर पाच मिनिटं पूर्ण आवाजात. रिकामं थिएटर, झाडूवाल्या मावशी पॉपकॉर्न गोळा करताहेत, खुर्चीच्या पोटातून फोन बोंबलतोय, आणि सगळे जण कान देऊन ऐकताहेत.